एक पाइंट, दोन मापे



आमच्या आदिवासी मुलामुलींच्या कुंभारकाम वर्गासाठी तुमच्यापैकी अनेकांनी परदेशी पुस्तके दिली आहेत. त्यांतील द्रवाची मापे आपल्या लिटरमध्ये कशी आणायची, हे मी वर्गात शिकवतो. तेच येथे मांडतो.

ब्रिटिश पाइंट २० द्रव औंसांचा, म्हणजे सुमारे ५६८ मिलिलिटर. अमेरिकन पाइंट १६ द्रव औंसांचा, सुमारे ४७३ मिलिलिटर. नाव एक, मापे दोन.

भांड्यावर चढवायचा काचेसारखा लेप म्हणजे ग्लेझ. त्याचा दाटपणा जुनी पुस्तके ‘एका पाइंटचे वजन इतके औंस’ असा सांगतात. पुस्तक ब्रिटिश असेल तर त्या आकड्याला ५० ने गुणा, अमेरिकन असेल तर ६० ने. उत्तर म्हणजे एका लिटरचे ग्रॅममधील अंदाजे वजन. ब्रिटिश २८ औंस म्हणजे १४०० ग्रॅम. तोच आकडा अमेरिकन समजला तर १६८० येतात. इतका दाट लेप भट्टीत ओघळतो, भांडी फळीला चिकटतात आणि मुलांची अनेक दिवसांची मेहनत व विक्रीचे पैसे एका भट्टीत जातात.

म्हणून मुले लिटरचे माप आधी रिकामे तोलतात, मग ग्लेझने भरून तोलतात आणि वजाबाकी करतात. वजन जास्त आले तर पाणी घालायचे. कमी आले तर ग्लेझ निवळू द्यायचे आणि वरचे पाणी काढायचे.

पुढे पुस्तके पाठवाल तेव्हा छपाईचा देश दिलेले पान जागेवर आहे ना, एवढे पाहा. आमचे गणित तिथूनच सुरू होते.