वृक्ष पाडताना : घाव एकाचा, सल्ला अनेकांचा

झाड लावावे आणि जगवावे, हा संदेश आता गावोगावच्या ग्रामपंचायतींच्या भिंतींवर लिहिलेला आढळतो. तो योग्यच आहे. तथापि काही वेळा झाड पाडण्यावाचून गत्यंतर नसते. एखादा निंब आतून पोकळ होऊन शाळेच्या छपराकडे कललेला असतो. एखादी वठलेली बाभूळ पाणवठ्याच्या वाटेवर धोकादायक ठरते. खानदेशात मे-जूनमधील वळवाची वादळे आली की अशा झाडांचा प्रश्न ऐरणीवर येतो. मग एक कुऱ्हाड, एक दोर आणि चार धट्टीकट्टी माणसे जमवून तासाभराचे काम म्हणून ते उरकले जाते.

वस्तुतः हे काम किरकोळ नव्हे. जगभर वृक्षतोड हा अत्यंत धोक्याच्या व्यवसायांपैकी एक मानला जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने वनकामातील सुरक्षितता व आरोग्य यांविषयी एक स्वतंत्र आचारसंहिता १९९८ मध्ये जिनिव्हा येथून प्रसिद्ध केली, ती याच कारणास्तव. जंगलात रोज झाडे पाडणाऱ्या प्रशिक्षित कामगारालाही जेथे इतकी दक्षता घ्यावी लागते, तेथे वर्षा-दोन वर्षांतून एखादे झाड पाडणाऱ्या ग्रामस्थाने किती घ्यावी, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

परवानगी : पहिला सल्ला

जळगाव शहराच्या पश्चिमेस असलेले पिंप्राळा हे या दृष्टीने बोलके उदाहरण होय. आषाढी एकादशीच्या रथोत्सवासाठी ओळखले जाणारे हे पूर्वीचे गाव आज जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. ही महानगरपालिका २००३ मध्ये अस्तित्वात आली. जुनी घरे, परसातील जुनी झाडे, त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या वसाहती आणि डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारा अशी स्थिती शहरालगतच्या अशा वस्त्यांतून सर्वत्र दिसते. शेतात मोकळ्यावर उभे असलेले झाड चुकीच्या बाजूला पडले तर पिकाचे नुकसान होते; वस्तीतील झाड चुकले तर माणूस दगावतो.

पिंप्राळ्यातील झाडास महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि ते तोडण्यापूर्वी महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची व्यवस्था पाहावी लागते. या अधिनियमात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडास वारसावृक्षाचा विशेष दर्जा मिळतो. ग्रामीण भागात महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, अंजन इत्यादी अनुसूचित वृक्षांसाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक असते. जे झाड आपल्या अनुसूचीत आहे किंवा नाही याविषयी शंका असेल, त्याबाबत वन विभागाच्या कार्यालयात आधी चौकशी करणे श्रेयस्कर.

अनेकांना ही परवानगी म्हणजे केवळ कागदी सोपस्कार वाटतो. परंतु तिचा दुसरा अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. अर्जामुळे झाडाकडे पाहणारी आणखी एक जाणकार नजर मिळते. पुष्कळदा ही नजर सांगते की, झाड पाडण्याची गरज नाही. भाराने वाकलेल्या दोन फांद्या छाटल्या तरी धोका टळेल. सर्वांत सुरक्षित वृक्षतोड म्हणजे जी करावीच लागली नाही ती.

निरीक्षण आणि मोजमाप

झाड पाडावयाचेच ठरले तर कुऱ्हाड उचलण्यापूर्वी त्याच्याभोवती दोनदा फेरी मारावी. एकदा बुंध्याजवळून आणि एकदा दुरून. बुंध्याजवळून ढोली, चिरा, बुरशी आणि उघडी पडलेली मुळे दिसतात. कुऱ्हाडीच्या मागील बाजूने खोडावर ठोकले असता पोकळ जागी निराळा आवाज येतो. झाडाचा खरा कल मात्र दुरूनच समजतो. खोड सरळ असूनही फांद्यांचा भार एका अंगास असेल, तर झाडाचा ओढा त्याच अंगास राहतो. वाळलेल्या व अडकून राहिलेल्या फांद्या, आग्या मोहोळ आणि विजेच्या तारा यांचीही नोंद याच वेळी घ्यावी.

झाडाची उंची सावलीवरून काढता येते. १ मीटरची काठी उन्हात उभी केली असता तिची सावली ८० सेंटिमीटर पडली आणि त्याच वेळी झाडाची सावली ९.६ मीटर भरली, तर झाडाची उंची १२ मीटर होय. आचारसंहितेतील संकेतानुसार झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत, म्हणजे येथे सभोवार २४ मीटरपर्यंत, तोडणाऱ्यांखेरीज कोणीही असता कामा नये. गावात झाड पाडताना मुले जेथे उभी राहतात ते अंतर आणि हे अंतर यांची तुलना करून पाहावी, म्हणजे धोक्याची कल्पना येईल. खोड किती जड असते हेही ध्यानात घ्यावे. ६० सेंटिमीटर व्यासाच्या ओल्या खोडाचा केवळ ४ मीटर लांबीचा तुकडा सुमारे एक टन वजनाचा भरतो.

खाच, बिजागरी आणि मागचा छेद

चहूबाजूंनी घाव घालीत झाड पोखरत नेण्याची रीत पुष्कळ ठिकाणी दिसते. ती अत्यंत घातक होय. असे झाड अखेरच्या क्षणी कोणत्याही दिशेला वळू शकते, कारण त्याला धरून ठेवणारे काहीच उरलेले नसते. शास्त्रशुद्ध पद्धतीत तीन गोष्टी असतात.

पहिली गोष्ट खाच. ज्या दिशेला झाड पाडावयाचे, त्या बाजूस व्यासाच्या सुमारे एक चतुर्थांश खोलीची खाच घेतात. तिचा तळ आडवा आणि वरची बाजू तिरपी असते. दोहोंमधील कोन निदान ४५ अंशांचा हवा. दुसरी गोष्ट मागचा छेद. तो विरुद्ध बाजूने, खाचेच्या तळापेक्षा अडीच ते पाच सेंटिमीटर वर, करवतीने आडवा घेतात. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बिजागरी. खाच आणि मागचा छेद यांच्यामध्ये व्यासाच्या सुमारे एक दशांश जाडीची लाकडाची पट्टी न कापता राखावयाची. दाराला बिजागरी जशी वळण देते, तशी ही पट्टी झाडाला ठरलेल्या दिशेने झुकविते.

खोडाचा घेर १८८ सेंटिमीटर असेल तर ३.१४ ने भागून व्यास सुमारे ६० सेंटिमीटर येतो. अशा खोडात खाच १५, बिजागरी ६ आणि मागचा छेद ३९ सेंटिमीटर, असा हिशेब बसतो. छेद पुरेसा आत गेला की त्यात लाकडी पाचर ठोकावी, म्हणजे झाड मागे बसून करवत अडकत नाही. “थोडेसेच राहिले आहे” म्हणून बिजागरी कापून टाकण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

झाड हलू लागताच मागे परंतु तिरपे, म्हणजे पडण्याच्या दिशेच्या विरुद्ध रेषेपासून ४५ अंशांवर, दूर व्हावे. सरळ मागे जाऊ नये, कारण बुंधा उसळून मागे येण्याचा संभव असतो. ही वाट काम सुरू करण्यापूर्वीच दगडधोंडे व काटेकुटे काढून मोकळी केलेली असावी.

पुढे फार कललेले झाड, आतून कुजलेले झाड, तारांजवळचे झाड आणि दुसऱ्या झाडात अडकलेले झाड ही चार प्रकरणे गावातील हौशी हातांसाठी नव्हेत. फार कललेल्या झाडाचे खोड छेद अपुरा असतानाच उभे चिरते आणि त्याचा मागील भाग प्रचंड वेगाने वर उसळतो. अडकलेल्या झाडाखाली जाणे, त्यावर चढणे किंवा त्याला आधार देणारे दुसरे झाड तोडणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणे होय.

कोणास काय विचारावे

प्रत्येक माणसाला झाडाविषयी थोडे थोडे ठाऊक असते. सर्व काही कोणा एकालाच ठाऊक नसते. लाकूड कापणाऱ्या अनुभवी माणसाला जातीचे गुण माहीत असतात. अंजनाचे लाकूड जड व कठीण, शेवग्याची फांदी ठिसूळ, निलगिरीचे खोड चिरणारे, हे तो हाताच्या अनुभवाने जाणतो. घरातील वृद्धांना झाडाचा इतिहास ठाऊक असतो : त्यावर वीज कधी पडली, मुळे कोणत्या बाजूने तोडली गेली, शेजारी बुजविलेली विहीर आहे काय. शेजाऱ्याला आपल्या भिंतीची अवस्था माहीत असते. तारांविषयी महावितरणच्या लाइनमनचेच म्हणणे अखेरचे मानावे आणि वीजपुरवठा बंद केल्याची खात्री त्याच्याकडूनच करून घ्यावी. रावेर तालुक्यात पाल येथे वन विभागाची प्रशिक्षण संस्था आहे. तेथे शिकून आलेले वनरक्षक जिल्ह्यात काम करतात. त्यांच्याशी बोलण्यास संकोच वाटू नये.

सल्ला कसा तोलावा

“ऐकावे जनाचे, करावे मनाचे” अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. इतर व्यवहारांत ती उपयोगी पडेल. वृक्षतोडीत मनाचे करणे महागात पडते. येथे करावे ते कारणाचे. “झाड इकडेच पडेल” असे कोणी सांगितले तर “कशावरून?” असे आदराने विचारावे. “फांद्यांचा भार पूर्वेला आहे आणि पश्चिमेकडची मुळे उघडी आहेत” हे उत्तर विचारात घेण्यासारखे आहे. “आजवर पन्नास झाडे पाडली” हे उत्तर अनुभव दाखविते, परंतु या झाडाविषयी काहीच सांगत नाही.

सल्ला देणाऱ्याचे हितही पाहावे. लाकूड विकत घेणाऱ्यास लांब, अखंड ओंडके हवे असतात. साहजिकच शेंड्यापासून तुकडे करीत झाड उतरविण्याची रीत त्यास परवडत नाही. त्याचा सल्ला अप्रामाणिक असतो असे नव्हे, पण तो त्याच्या बाजूने आलेला असतो. दोन जाणत्यांचे मत भिन्न पडले तर बहुमताने निर्णय करू नये. ज्या मार्गात चूक झाली तरी माणूस वाचेल, तो मार्ग पत्करावा आणि तसा मार्ग दिसेना तर त्या दिवशी काम थांबवावे.

थांबविणारे अनेक, चालविणारा एक

विचारविनिमय कुऱ्हाड उचलण्यापूर्वी करावयाचा असतो. घाव पडू लागल्यावर चार बाजूंनी चार सूचना येऊ लागल्या, तर दोर ओढणारा एकीकडे आणि करवत चालविणारा दुसरीकडे, अशी अवस्था होते. म्हणून कामाचा एक प्रमुख आधीच ठरवावा. सुरू करण्याचा, ओढण्याचा आणि दूर होण्याचा इशारा त्यानेच द्यावा. दोर ओढणारे झाडाच्या उंचीच्या दुपटीहून लांब असावेत आणि दोर कोणीही हाताला वा कमरेला गुंडाळू नये.

एका बाबतीत मात्र सर्वांस समान अधिकार असावा. “थांबा” हा शब्द कोणीही उच्चारावा. मग तो मजूर असो, घरातील स्त्री असो वा विद्यार्थी असो. हा शब्द कानी पडताच करवत थांबली पाहिजे. शंका खोटी ठरली तर पाच मिनिटे जातात. ती खरी असताना धाकट्याने थोरापुढे बोलावे कसे म्हणून गप्प बसावे, तर जे जाते ते परत येत नाही.

पंचायत आणि शाळा

पावसाळ्यापूर्वी एप्रिलमध्ये ग्रामपंचायतीने शाळा, पाणवठा, बाजाराची जागा व वर्दळीच्या वाटा येथील झाडांची पाहणी करून धोकादायक झाडांची यादी करावी. वादळाच्या दुसऱ्या दिवशी घाईने घेतलेल्या निर्णयापेक्षा महिनाभर आधी शांतपणे घेतलेला निर्णय केव्हाही चांगला. शिक्षकांना सावलीवरून उंची आणि घेरावरून व्यास काढण्याचा धडा शाळेच्या आवारातच देता येईल. त्याच धड्यात मुलांना दुप्पट उंचीचे वर्तुळ जमिनीवर आखून दाखवावे. जे मूल ते वर्तुळ स्वतः चालून आले, ते पुढे झाड पडताना पाहण्यासाठी त्याच्या आत उभे राहणार नाही आणि आपल्या धाकट्या भावंडांनाही राहू देणार नाही.