विजेच्या मोटारीचे सस्पेन्शन व व्हील अलाइनमेंट : पावसाळ्यानंतरची तपासणी

पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्यात आषाढ ते भाद्रपद गाडी चालविणाऱ्यास खड्डा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि त्यापुढचे कित्येक पावसाळे वाहनधारकांनी खड्डे व वळणरस्ते यांत काढले. आता आपल्या गावांतही विजेवर चालणाऱ्या मोटारी दिसू लागल्या आहेत. इंजिन नाही, ऑइल बदलणे नाही, म्हणून देखभालही नाही, असा समज अनेक शेतकरी बांधवांत आढळतो. चाके व सस्पेन्शन यांच्या बाबतीत हा समज टायरच्या रूपाने महागात पडतो.

विजेच्या गाडीत वेगळे काय?

पहिली गोष्ट वजनाची. २०२० साली बाजारात आलेली टाटा नेक्सॉन ईव्ही सुमारे १,४०० किलो वजनाची होती. त्याच नावाच्या पेट्रोल गाडीपेक्षा हे वजन बरेच जास्त भरते, कारण तळाशी बॅटरी बसविलेली असते. भाताची पोती बाजारात उतरविता येतात. बॅटरीचे ओझे गाडी रिकामी असतानाही अंगावर असतेच. त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा दणका शॉक ॲब्सॉर्बर, बुश व बॉल जॉइंट यांना अधिक बसतो. दुसरे असे की, मोटर पहिल्या क्षणापासून जोराने ओढते आणि पाय काढताच तीच मोटर गाडीला रोखून धरते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ही दोन्ही कामे पुढच्याच टायरांवर पडतात. अशा वेळी चाके थोडी जरी वाकडी असली, तरी रबर झपाट्याने झिजते.

एक सोय मात्र आहे. इंजिनाचा आवाज नसल्याने खालची खडखड लवकर ऐकू येते. ती आल्यावर रेडिओचा आवाज वाढवू नये.

आधी खिळखिळे भाग, मग जुळणी

पुष्कळ जण टायर एका कडेने झिजलेला दिसताच थेट अलाइनमेंट करून आणतात. बुश किंवा बॉल जॉइंट सैल असेल, तर ही जुळणी पहिल्याच खड्ड्यात बिघडते आणि पैसे वाया जातात. म्हणून प्रथम चारही टायरांतील हवा दारापाशी लावलेल्या तक्त्याप्रमाणे भरावी. मडगार्डवर जोराने दाबून सोडावे. गाडी एकदा वर येऊन स्थिर व्हावी. ती झुलत राहिली किंवा शॉक ॲब्सॉर्बरवर तेलाचे ओघळ दिसले, तर तो बदलावा. नंतर चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवल्यास बॉल जॉइंट किंवा बेअरिंग तपासून घ्यावे. डावी-उजवी बाजू धरून हलविल्यास टाय रॉडच्या टोकाचा ढिलेपणा कळतो.

गाडी उंच व्हावी म्हणून स्प्रिंगमध्ये रबरी गुटके घालण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती करू नये. उंची बदलली की चाकांची जुळणीही बदलते. त्याचप्रमाणे पेट्रोल गाडीच्या स्प्रिंगा स्वस्त मिळतात म्हणून विजेच्या गाडीस बसवू नयेत. त्या एवढ्या वजनासाठी केलेल्या नसतात.

ओळंब्याने घरच्या घरी तपासणी

ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना टो-इन देतात, हे आपणांस माहीत आहेच. मोटारीतही तेच तत्त्व आहे. सपाट कोब्यावर गाडी सरळ उभी करावी. पुढच्या दोन्ही टायरांच्या मधल्या खाचेवर, टायरच्या पुढच्या अंगास, आसाच्या उंचीला खडूने खूण करावी. तेथून गवंड्याचा ओळंबा सोडून जमिनीवर खूण घ्यावी. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हाताने पुढे ढकलावी आणि तीच खडूची खूण टायरच्या मागच्या अंगास त्याच उंचीवर आल्यावर पुन्हा ओळंबा सोडावा. गाडी बाजूला घेऊन जमिनीवरील दोन्ही अंतरे टेपने मोजावीत. पुढचे अंतर कमी असल्यास टो-इन, जास्त असल्यास टो-आउट समजावा. योग्य आकडा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे धरावा. बहुतेक लहान मोटारींत तो दोन-तीन मिलिमीटरच्या आतच असतो.

फरक सहा मिलिमीटर असेल तर काय होते? पासष्ट सेंटिमीटर व्यासाचे प्रत्येक पुढचे चाक दर किलोमीटरला सुमारे साडेचार मीटर आडवे घासत जाते. पेणहून रोह्याला, म्हणजे चाळीसेक किलोमीटर जाईपर्यंत, हे घासणे सुमारे १८० मीटर होते. त्यात बॅटरीची वीजही खर्ची पडते, आणि एका चार्जिंगमध्ये गाडी पूर्वीइतकी जात नाही.

जुळणी करताना

टाय रॉडचा चेक नट सैल करून दोन्ही बाजू सारख्याच फिरवाव्यात. एकच बाजू फिरविल्यास स्टिअरिंग वाकडे राहते. धरमतर खाडीकाठच्या खाऱ्या हवेत हे नट गंजून धरतात. आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल लावून ठेवावे, पण गॅसच्या ज्वाळेने तापवू नयेत. जवळच रबरी बूट व तारा असतात. नारिंगी रंगाच्या तारांना कोणत्याही कारणाने हात लावू नये. जॅक तळपट्टीवरील ठरलेल्या खुणांखालीच लावावा. बॅटरीच्या पेटीखाली लावलेला जॅक लाख-दोन लाखांचे नुकसान करू शकतो. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, घोडी लावावी.

काम झाल्यावर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर यंत्राने शून्यावर आणून घ्यावा, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा पेटत राहतो. ज्या गॅरेजात हे यंत्र नाही, तेथे मोजणीपुरतेच थांबावे.

खड्ड्यात खालचा आर्म मोडलाच, तर गाडी दोरीने ओढत आणू नये. पुढची चाके फिरली की मोटरही फिरते व वीज तयार करते. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच आणावी. नेहमीची तपासणी दसऱ्याला गाडीस हार घालण्याआधी एकदा व मे अखेरीस दुसऱ्यांदा करावी. टायरांची पुढची-मागची अदलाबदलही तेव्हाच उरकून घ्यावी.