फॉरमॅट मारण्याआधी हे चार टप्पे करून बघा

आपल्या राजापेठ भागात घरच्या पीसीवर लग्नपत्रिका, फ्लेक्स डिझाइन करणारे बरेच जण आहेत. उद्या डिलिव्हरी अन् आज स्क्रीन बिघडली, की लगेच नव्या कार्डाचा खर्च डोक्यात येतो. थांबा. दोष ड्रायव्हरचा असेल तर काम फुकटात होतं.

१. मॉनिटरची केबल घट्ट बसवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डला नाही.

२. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट अन् बी एकत्र दाबा. ड्रायव्हर रीस्टार्ट होतो, उघडी फाइल बंद होत नाही.

३. स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर, मग डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स उघडा. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' दिसलं, तर खरा ड्रायव्हर चालू नाही. चिप इंटेल, एएमडी, एनव्हिडिया, ज्या कंपनीची असेल तिच्याच साइटवरून ड्रायव्हर घ्या.

४. अपडेटनंतर बिघडलं? त्याच नावावर डबल क्लिक, ड्रायव्हर टॅब, 'रोल बॅक ड्रायव्हर'.

विंडोज सुरू होण्याआधीच, बायोसच्या स्क्रीनवरही रेषा दिसत असतील तर ड्रायव्हरचा दोष नाही. मशीन कारागिराला दाखवा.

अन् धंद्याचा नियम लक्षात ठेवा: ऑर्डर हातात असताना चालू ड्रायव्हर बदलायचा नाही. अपडेट डिलिव्हरीनंतर.