गेलेल्या सालदाराचें काम

आपल्या खानदेशांत आखाजीला सालदार बदलतो. जुना गेला, पण कामांच्या वहींत त्याचें नांव राहिलें, तर रोज त्याला हांक जाईल. काम मात्र होणार नाहीं. संगणकांतही असेंच घडतें.

१९९३ सालीं आरंभिलेल्या डेबियन प्रणालींत, व तिच्या आधारें सी-डॅक संस्थेनें सिद्ध केलेल्या 'बॉस' प्रणालींत, 'क्रॉन' हा सेवक घड्याळ पाहून नेमलेलीं कामें करवितो. पॅकेज बसवितांना त्याची वेळापत्रकाची फाईल क्रॉनच्या स्वाधीन होते. 'रिमूव्ह' आज्ञेनें पॅकेज काढलें कीं प्रोग्रॅम जातो, पण फाईल राहते. हा प्रमाद नव्हे. चालकानें तींत केलेले फेरफार पुन्हा कामीं यावेत, हा हेतु. म्हणून डेबियनचा नियम असा कीं, त्या फाईलींतील आज्ञेनें आपला प्रोग्रॅम जागेवर आहे काय, हें प्रथम पाहावें; नसल्यास मुकाट्यानें थांबावें. फाईलही नको असेल, तर 'पर्ज' आज्ञा द्यावी.

परंतु काढण्यापूर्वीं ती फाईल अवश्य वाचावी. रोज रात्रीं दप्तराची प्रत काढण्याचें काम तींत असेल, तर तें निमूटपणें बंद पडेल, आणि दप्तर हरवेल त्या दिवशींच तें कळेल. सालदारास निरोप देण्यापूर्वीं त्याचें काम कोणाकडे सोंपवावयाचें, हें शहाणा धनी आधींच ठरवितो.