कुरणाचा विसावा

सूर्य मृग नक्षत्रात गेला आणि एक-दोन दमदार सरी पडल्या, की सौंसरच्या आसपासच्या बरडावर थोड्याच दिवसांत हिरवी लव उठते. नेमका त्याच वेळी घरचा कडबा संपत आलेला असतो, कुटाराचा ढीग तळाला गेलेला असतो, आणि उन्हाळ्याने खंगलेली गुरे हिरव्या वासाने दाव्याला ओढ घेऊ लागतात. गायकी आखरावर गुरे जमवतो आणि सारा कळप त्या कोवळ्या गवतावर सुटतो. पाहणाऱ्याला हे दृश्य मोठे सुखाचे वाटते. परंतु वर्षभराच्या चाऱ्याचे नुकसान बहुधा याच दिवसांत होते. ते कसे होते व कसे टाळता येईल, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

विलायती शेतीच्या पुस्तकांत कुरणाचा पाठ वसंत ऋतूपासून सुरू होतो. कारण तेथे थंडी ओसरली म्हणजे गवत वाढू लागते. आपल्याकडे चैत्रात पळस फुललेला असला, तरी माळावरचे गवत मात्र वाळून करडे झालेले असते. आपल्या कुरणाचा खरा वसंत मृगात येतो. म्हणून त्या पुस्तकांतील नियम घ्यावयाचे तर महिने बदलून घेतले पाहिजेत.

सौंसर व पांढुर्णा हे तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते; २०२३ साली त्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. सातपुड्याच्या पायथ्याच्या या मुलखात नदीकाठी काळी कसदार जमीन आहे, तर उंचवट्यावर मुरमाड बरड आहे. वर्धा, नागपूर व छिंदवाडा या पट्ट्यातील गवळाऊ ही पांढरट रंगाची, सडपातळ व चपळ गोवंशजात अशाच माळांवर चरून नावारूपास आली. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय गवतांच्या पाहणीत देशाचे पाच मुख्य गवती प्रदेश मानले आहेत. त्यांपैकी पवना आणि मारवेल या गवतांच्या प्रदेशात आपला भाग येतो. त्यांच्या जोडीला डोंगरी गवत व कुसळ उगवते, आणि सखल ओलसर जागी मोशी. असे हे मिश्र गवतांचे कुरण असते.

आता गवत कसे वाढते ते पाहू. बहुवर्षायू गवताची मुळे व बुडखा उन्हाळाभर जिवंत राहतात. त्यांत मागील हंगामाचे अन्न साठवलेले असते. पाऊस पडताच फुटणारी पहिली पाती त्या शिलकेवर येतात. पुढे पाती मोठी झाली, म्हणजे ती सूर्यप्रकाशात नवे अन्न तयार करतात आणि खर्च झालेली शिल्लक भरून काढतात. ही भरपाई होण्यापूर्वीच जनावराने पाती खाल्ली, तर बुडख्याला पुन्हा शिलकेतूनच पाती काढावी लागतात. असे वारंवार घडले म्हणजे मुळे आखूड होतात आणि शेवटी ठोंब मरतो. मिळकत नसताना ठेव मोडून खाणाऱ्या कुटुंबासारखीच त्याची गत होते.

मिश्र कुरणात आणखी एक अडचण आहे. गाय निवडून खाते. मोकळ्या माळावर ती गोड, रसाळ मारवेल आधी शोधते. चार दिवसांनी तिला नवी पालवी फुटली, की पुन्हा तेथेच तोंड घालते. परिणामी चांगले गवत झिजते आणि जनावर ज्याला तोंड लावत नाही तो तरोटा फोफावतो. कुसळ कोवळेपणी बरा चारा असतो. पण त्याची टोकदार बी पक्व झाली, म्हणजे ती गुरांच्या तोंडात टोचते. माळावर तरोटा आणि कुसळच दिसू लागले, तर दोष जमिनीचा नसून आपल्या चराईचा आहे, असे समजावे.

यावर पहिला उपाय म्हणजे धीर. गवत वीतभर उंच होईपर्यंत कुरणात गुरे घालू नयेत. ओल्या काळ्या जमिनीवर खुरांनी चिखल होऊन कोवळे ठोंब तुडवले जातात, तेही यामुळे टळते. शिवाय नुसते कोवळे गवत पाणीदार असल्याने गुरांना हगवण लागते. म्हणून प्रारंभी सोबत थोडा कडबा द्यावा. अर्थात हा कडबा फाल्गुनापासूनच काटकसरीने राखून ठेवला पाहिजे.

दुसरा उपाय पाळीपाळीने चराई हा होय. फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे व्हॉयझँ यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात यावर विशेष भर दिला. एका चराईनंतर गवताला पुरता विसावा मिळावा, आणि कळप एका जागी फार दिवस राहू नये, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. याचे गणित सोपे आहे. समजा, गवताला २८ दिवसांचा विसावा द्यावयाचा आहे आणि कळप एका भागात ७ दिवस राहणार आहे. २८ ला ७ ने भागून येणाऱ्या ४ मध्ये, ज्या भागात कळप चरत आहे तो १ मिळवला, म्हणजे ५ भाग झाले. मात्र भाद्रपदानंतर वाढ मंदावते. तेव्हा ४२ दिवसांचा विसावा हवा असेल, तर ७ भाग लागतील. तेवढे नसतील तर कुरणावरील भार कमी करून घरचा चारा वाढवावा. चार बोटे गवत उरले, की कळप पुढे हलवावा. या पाचांखेरीज सहावा भाग बी झडेपर्यंत बंद ठेवून मग विळ्याने कापावा, आणि हा मान दरसाल नव्या भागाला द्यावा. एवढे करूनही, कुरणाला पेलतील त्यापेक्षा अधिक गुरे झाली, तर पाळीचा काही उपयोग होणार नाही.

परंतु खरी अडचण गणिताची नसून माणसांची आहे. गायरान साऱ्या गावाचे असते. मी माझी गाय आवरली आणि शेजाऱ्याने सोडली, तर माझा संयम त्याच्या गाईच्या पोटात जातो. दुसरे असे की, शेतकऱ्याला धुऱ्यावरचे गवत तरी मिळते; भूमिहीन मजुराच्या एका गाईला गायरानावाचून आधार नसतो. तिच्यावर बंदी घालून कुरण राखणे हा न्याय नव्हे. म्हणून राखलेल्या भागातील कापलेल्या गवताचा पहिला वाटा अशा घरांना मिळाला पाहिजे, आणि हा ठराव मृगापूर्वीच ग्रामसभेत सर्वांसमक्ष झाला पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने चराईबंदी स्वीकारली, पण गवत कापून नेण्याची वाट मोकळी ठेवली. सामाईक साधनसंपत्ती वापरणारे लोक स्वतः नियम करून ती टिकवू शकतात, हे अनेक देशांतील उदाहरणांनी दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

विद्यार्थी मित्रहो, या सर्वांवर केवळ आमच्या शब्दाखातर विश्वास ठेवू नका. येत्या पावसाळ्यात सारख्याच गवताच्या तीन जागा निवडा. प्रत्येक जागा एक मीटर लांब व एक मीटर रुंद असावी. तिन्हींना काटेरी कुंपण घाला. पहिलीतील गवत दर आठवड्याला, दुसरीतील दर चार आठवड्यांनी, आणि तिसरीतील दसऱ्यानंतर एकदाच कापा. कापलेले गवत दर वेळी वाळवून, तोलून वहीत नोंदवा. शेवटी प्रत्येक जागेतील एक ठोंब मुळांसह उपटून शेजारी-शेजारी ठेवा आणि वडीलधाऱ्यांना दाखवा. ग्रामसभेत ते ठोंब आमच्या या लेखापेक्षा अधिक चांगले बोलतील.