गाडी आपली, किल्लीचा कोड कुणाचा?

किल्ली हरवते ती मालकाकडून, यात वाद नाही. वाद आहे तो त्यानंतर हातात पडणाऱ्या अंदाजपत्रकाचा. किल्लीचे पैसे वेगळे, रिमोटचे वेगळे, कोडिंगचे वेगळे. आणि दोन्ही किल्ल्या गेल्या असतील तर ‘पूर्ण लॉक सेट बदला, ईसीएमही (इंजिनाचं कंट्रोल मॉड्यूल) बदलावं लागेल’ ही धमकी वेगळी. का, असं विचारलं की ‘सिस्टिममध्ये तसंच दाखवतंय’ एवढंच उत्तर मिळतं, तेही मान वर न करता. तो कागद वाचताना माणसाच्या लक्षात येतं की गाडीचे पैसे आपण भरले, आरसीवर नाव आपलं, विमा आपला. ती सुरू करण्याची परवानगी मात्र दुसऱ्याच्या संगणकात अडकलेली आहे. हे मला मान्य नाही, आणि का नाही ते सांगतो.

आधी किल्लीत काय असतं ते समजून घ्या, कारण ग्राहकाच्या अज्ञानावरच बिल फुगतं. किल्लीचं कापलेलं पातं कुलूप फिरवतं. मुठीतली बटणं दार उघडतात आणि त्यांना सेल लागतो. तिसरी वस्तू म्हणजे इमोबिलायझरची चिप. तिला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलकडून तिला वीज मिळते, गाडी तिला ओळख विचारते आणि उत्तर जुळलं तरच इंजिन चालू राहतं. म्हणजे रिमोट मुका झाला तरी गाडी सुरू होते. पुश बटणाच्या गाडीतही संपलेल्या सेलचा फोब बटणाजवळ किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या जागी धरला की बहुधा काम भागतं. तेव्हा ‘रिमोट गेला, नवा घ्या’ असं कुणी म्हटलं, तर आधी सेल बदलून पाहा.

कोड मालकाला दिले तर चोरांचं फावेल, हा कंपन्यांचा ठरलेला युक्तिवाद. इमोबिलायझर हवाच, याबद्दल माझं दुमत नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. अमेरिकेत तो न बसवलेल्या किया आणि ह्युंदाई गाड्या २०२२ च्या सुमारास यूएसबी केबलच्या टोकाने चोरल्या जात होत्या. पण इमोबिलायझर असणं वेगळं आणि त्याची माहिती एकाच काउंटरमागे कोंडणं वेगळं. २०१३ साली फोक्सवॅगनने लंडनच्या न्यायालयातून अशाच एका चिपचे दोष सांगणारा शोधनिबंध रोखून धरला. दोन वर्षांनी तो प्रसिद्ध झालाच, आणि मधल्या काळात गाड्यांमधली ती चिप काही आपोआप सुधारली नाही. अमेरिकेत पडताळणी झालेल्या किल्लीवाल्यांची नोंदणी असते, त्यांना कोड मिळतो आणि कोणी कोणत्या गाडीचा कोड घेतला याची नोंद राहते. युरोपातही तशी मान्यतेची पद्धत आली आहे. सुरक्षितता आणि ग्राहकाची सोय एकत्र नांदू शकतात. फक्त मक्तेदारी सोडावी लागते.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. सुटे भाग, तपासणीची यंत्रं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना मिळू देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यातही मोटारी आहेत. मात्र धारवाड जिल्ह्यातल्या उणकलजवळ गाडी उभी राहिली आणि किल्लीच नसली, तर यातलं काही उपयोगी पडत नाही. स्टिअरिंग लॉक असल्याने गाडी ट्रकवर चढवून वर्कशॉपला न्यायची, तो खर्च निराळा. यंत्र घेऊन जागेवर येणारा किल्लीवाला म्हणूनच महत्त्वाचा. ‘बाहेर केलं तर बिघडेल’ ही भीती अगदी खोटी नाही. गाडीची बॅटरी कमजोर असताना कोडिंग अर्ध्यात तुटलं तर मॉड्यूल अडकू शकतं. म्हणून गाडी वॉरंटीत असेल तर शोरूम, त्यानंतर पारखलेला माणूस.

तो पारखायचा कसा? आरसी आणि ओळखपत्र न मागता किल्ली करून देणारा उद्या तुमच्या गाडीचीही दुसऱ्याला करून देईल. त्याच्या दारातूनच परता. जाताना त्या गाडीच्या घरातल्या सगळ्या किल्ल्या न्या, कारण पुष्कळ गाड्यांत कोडिंगच्या वेळी समोर नसलेली किल्ली यादीतून पुसली जाते. हरवलेली किल्ली मुद्दाम पुसून घ्या, पण तिचं पातं दार उघडतच राहील हे विसरू नका. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा वापरलेला फोब बहुधा दुसऱ्या गाडीला लागत नाही. नव्या गाडीसोबत येणाऱ्या टॅगवरचा किल्लीचा नंबर आणि असल्यास कोडचं कार्ड घरी ठेवा, गाडीत नको. नंबरप्लेट केए-२५ची असो वा केए-६३ची, जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मागा, एकच मिळाली तर किंमत पाडा. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, म्हणून किल्ली हरवल्याची पोलिसांत नोंद करा. बाकी किल्ली जपून ठेवा हे सांगायला कुणी लागत नाही. सांगणारे मात्र भरपूर भेटतात.

‘मॉड्यूल बदला’ असं सांगितलं तर कारण लेखी मागा. काही गाड्यांत ते खरंच लागतं, पण लेखी द्यायची वेळ आली की सूर बदलू शकतो. नाहीच ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे आणि धारवाडला जिल्हा ग्राहक आयोग आहे; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. आणि घरात एकच किल्ली उरली असेल, तर दुसरी याच आठवड्यात करून घ्या. एक हातात असेपर्यंत भाव विचारण्याची मुभा तुमची असते. तीही गेली की भाव समोरचा ठरवतो.