बाळाचे वरचे अन्न: पोटाच्या तक्रारी आणि अपुरी झोप असलेल्या बालकांसाठी एक पाठ

यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू झाली, की घरातील सर्व कर्ती माणसे सकाळीच शेताची वाट धरतात. ज्या घरी तान्हे मूल आहे, त्या घरातील आईचे मात्र दोन्हीकडून हाल होतात. दिवसभर वाकून कापूस वेचावयाचा आणि रात्री रडणारे बाळ मांडीवर घेऊन जागावयाचे. बाळ पाय पोटाशी घेते, जोर करून लाल होते, घटका-दोन घटकांनी उठते. मग सल्ले सुरू होतात. एकजण सांगते, "दूध पुरत नाही, वरचे सुरू करा, म्हणजे पोट भरून झोपेल." दुसरी सांगते, "याचे पोटच नाजूक आहे; वर्षाचे होईतो काही देऊ नका."

हे दोन्ही सल्ले प्रेमापोटी दिलेले असतात आणि दोन्ही चुकीचे असतात. पहिल्याने तीन-चार महिन्यांच्या बाळाला हगवण लागण्याचा धोका वाढतो. दुसऱ्याने आठ-दहा महिन्यांचे बाळ वाळत जाते. वरचे अन्न हे झोपेचे औषध नव्हे आणि नाजूक पोटाचा शत्रूही नव्हे. ते योग्य वेळी, एकेक करून व पुरेसे दाट द्यावयाचे असते.

रडण्याचे कारण प्रथम ओळखावे

पहिल्या काही महिन्यांत निरोगी बाळही पुष्कळ रडते. हे रडणे साधारणपणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते व तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप ओसरते. शी करताना बाळ कण्हते, लाल होते. पण शी मऊ असेल तर तो बद्धकोष्ठ नव्हे. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला, पहिला महिना उलटल्यावर, कधी दिवसातून अनेकदा शी होते, तर कधी चार-पाच दिवस होतही नाही. बाळ दूध पीत असेल, त्याचे वजन वाढत असेल आणि पोट मऊ असेल, तर दोन्ही गोष्टी स्वाभाविक समजाव्यात.

आईचे दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. दिवसरात्र मिळून सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे आणि दर महिन्याला वजन वाढणे ह्या दोन खुणा खऱ्या होत. जन्माचे वजन साधारणपणे पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट होते. अंगणवाडीतील वजनाचा तक्ता याच कामासाठी आहे. तो आईसमोर उघडून तिला समजावून सांगावा.

परंतु पुढील लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता बाळाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे: हिरवी उलटी; शीत रक्त किंवा लाल चिकट आव; थांबून थांबून किंचाळून रडणे व मध्येच गळून जाणे; ताठ फुगलेले पोट; दूध न पिणे; ताप; सुस्ती; खोल गेलेले डोळे. वजन दोन महिने वाढले नसेल, तर तेही वैद्यकीय तपासणीचे कारण होय.

केव्हा सुरू करावे

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. घुटी, मध, साखरपाणी, इतकेच काय, साधे पाणीसुद्धा देऊ नये. उन्हाळ्यातही आईच्या दुधातील पाणी बाळास पुरते. मात्र त्या दिवसांत बाळाला वरचेवर पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी प्यावे. मध तर वर्षाच्या आत मुळीच देऊ नये, कारण त्यातील जंतूंमुळे लहान बाळाला क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते.

सहा महिने पूर्ण झाल्यावर मात्र उशीर करू नये. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा तोपर्यंत संपत आलेला असतो आणि वाढत्या शरीराला केवळ दूध पुरत नाही. आधाराने बसता येणे, मान स्थिर धरणे, वस्तू तोंडाकडे नेणे आणि तोंडात ठेवलेले अन्न जिभेने बाहेर न ढकलणे ह्या तयारीच्या खुणा आहेत. पुष्कळ घरी सहाव्या-सातव्या महिन्यात उष्टावण थाटाने होते. पण त्या दिवशीच्या खिरीनंतर दोन-तीन महिने बाळाच्या तोंडी अन्नाचा कण पडत नाही. उष्टावण ही आरंभाची खूण आहे, दुसऱ्या दिवसापासून वाटी-चमचा चालू राहिला पाहिजे. दिवसांआधी जन्मलेल्या किंवा फार कमी वजनाच्या बाळांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

एका वेळी एकच नवे अन्न

शेतकरी नवे वाण प्रथमच सगळ्या शेतात पेरीत नाही. एका तुकड्यात पेरून पाहतो. बाळाच्या पोटाविषयीही तसेच करावे. एक नवा पदार्थ दोन-तीन दिवस द्यावा, मगच दुसरा सुरू करावा. नवा पदार्थ सकाळी द्यावा, म्हणजे काही त्रास झालाच तर तो दिवसाउजेडी दिसतो व आरोग्य उपकेंद्र गाठता येते.

समजा, एका शेतमजूर कुटुंबातील बाळाला सहा महिने पूर्ण झाले आहेत आणि त्याला गॅस धरण्याची तक्रार आहे. पहिले तीन दिवस त्याला मऊ शिजवून घोटलेल्या भाताचे दोन-तीन चमचे, दिवसातून दोन वेळा द्यावेत. चौथ्या दिवसापासून त्यात मुगाची सोललेली डाळ शिजवून घालावी. तांदूळ दोन भाग आणि डाळ एक भाग हे प्रमाण चांगले. सातव्या दिवशी शिजवून कुस्करलेला लाल भोपळा, ज्याला वऱ्हाडात कोहळे म्हणतात, तो द्यावा. दहाव्या दिवशी पिकलेली पपई किंवा पूर्ण पिकलेले केळे द्यावे. त्यानंतर ज्वारीच्या भाजलेल्या पिठाची पेज, तुरीचे घट्ट वरण आणि पूर्ण उकडून कुस्करलेले अंडे यांची पाळी येते. पोट नाजूक म्हणून अंडे वर्षभर लांबविण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षात अन्नात मीठ किंवा साखर घालू नये. एक छोटा चमचा तेल किंवा तूप मात्र अवश्य घालावे.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे यांसारखे पदार्थ बाळाच्या घशात अडकून जीव जाऊ शकतो. ते लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. शेंगदाणे द्यावयाचे तर बारीक कुटून व अन्नात मिसळूनच द्यावेत. गाईचे किंवा म्हशीचे दूध वर्षाच्या आत मुख्य अन्न म्हणून देऊ नये. त्याने बद्धकोष्ठ होऊ शकते व शरीरातील लोहही कमी होते.

वरणाचे पाणी नव्हे, वरण

पोट बिघडेल या भीतीने अनेक आया वरणाचे वरचे पाणी किंवा भाताची पातळ पेज देतात. त्यात पाणीच फार, सत्त्व थोडे. बाळाचे पोट लहान असते. ते पाण्याने भरले तर अन्नास जागा उरत नाही, आणि बाळ भुकेने पुन्हा रडू लागते. अन्न चमच्यातून पाण्यासारखे ओघळू नये, इतके दाट असावे.

दाट अन्न बाळाला गिळवत नसेल, तर त्यावर एक सोपी युक्ती आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात मोडाच्या धान्याच्या पिठाचा अभ्यास केला. धान्याला मोड आले, की त्यात पिष्ट पदार्थ विरघळविणारे द्रव्य तयार होते. असे पीठ चिमूट-चमचाभर घातले असता दाट पेज पाणी न घालता सैल होते.

कृती अशी: गहू निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालावेत. ओल्या स्वच्छ फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड येऊ द्यावेत. मग चांगले वाळवून, मोड चोळून काढून टाकावेत, मंद आचेवर अगदी हलके भाजावेत आणि दळून कोरड्या डब्यात ठेवावेत. जास्त भाजल्यास पिठाचा गुण जातो. शिजलेली दाट पेज चुलीवरून उतरवून थोडी निवल्यावर त्यात एक छोटा चमचा पीठ ढवळावे. काही मिनिटांत ती सैल होते. मग तिला पुन्हा एक उकळी द्यावी. ज्वारीला मोड आणून मात्र हे पीठ करू नये. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तेच विष ज्वारीच्या मोडांतही असते.

वयानुसार साधारण प्रमाण असे ठेवावे. २५० मिलिलिटरची वाटी धरली, तर सातव्या-आठव्या महिन्यात वाढवीत वाढवीत अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा; नवव्या ते अकराव्या महिन्यात अर्धी वाटी, तीन-चार वेळा; वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, तीन-चार वेळा. आईचे दूध दोन वर्षे व त्यापुढेही चालू ठेवावे. बाळाने तोंड फिरविले तर बळेच भरवू नये.

पोट बिघडल्यास

नव्या अन्नाने शीचा रंग व वास बदलतो. भोपळ्याचे तुकडे जसेच्या तसे दिसतात. त्यात भिण्यासारखे काही नाही. सहा महिन्यांनंतर सरकारी योजनेतून आठवड्यातून दोनदा दिले जाणारे लोहाचे औषध चालू असेल, तर शी काळसर होते. तेही स्वाभाविक होय. शी खड्यासारखी कठीण झाल्यास अंगावरचे दूध वाढवावे, जेवणाबरोबर उकळून निवविलेले पाणी घोट-घोट द्यावे आणि पपई द्यावी.

हगवण लागल्यास अन्न बंद करणे ही मोठी चूक होय. दूध व मऊ अन्न चालू ठेवावे, जलसंजीवनी द्यावी आणि डॉक्टर किंवा आशा कार्यकर्तीच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस पूर्ण कराव्यात. पोट फुगले म्हणून चटके देण्याची चाल शेजारच्या मेळघाटात पाहण्यात आली आहे. त्याने पोट बरे होत नाही. बाळाला जखम होते आणि दवाखान्याची वेळ निघून जाते.

झोपेविषयी

वरचे अन्न लवकर दिल्याने बाळ रात्रभर झोपते काय? इंग्लंडमध्ये हा प्रश्न तपासून पाहण्यात आला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तेराशेहून अधिक बाळे होती. तीन महिन्यांपासून वरचे अन्न मिळालेली बाळे रात्री सरासरीने सुमारे सोळा-सतरा मिनिटेच अधिक झोपली. जेथे पाणी व भांडी यांची खात्री नाही, तेथे पाव तासाच्या झोपेसाठी हगवणीचा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

सहा महिन्यांचे बाळ रात्री एक-दोन वेळा उठणे स्वाभाविक आहे. दिवसा उजेडात खेळवावे. संध्याकाळचे जेवण निजण्यापूर्वी तासभर आधी द्यावे. रोज त्याच वेळी, मंद उजेडात, तोच क्रम ठेवून निजवावे. बाळाला पाठीवर झोपवावे. झोळी जमिनीपासून कमी उंचीवर बांधावी आणि तोंडावर कापड येऊ देऊ नये.

मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया कामावर जाताना बाळाला अफूची 'बाळगोळी' देत, असे १९२० नंतरच्या दशकातील पाहण्यांत नोंदले गेले आहे. ती त्या स्त्रियांची क्रूरता नव्हती; बाळाकडे पाहणारे कोणी नव्हते, ही त्यांची अडचण होती. अफू, दारू, खोकल्याचे किंवा झोपेचे औषध बाळाला निजविण्यासाठी कधीही देऊ नये. त्याने श्वास बंद पडतो. आईला खरी गरज मदतीच्या हातांची आहे. रात्री एका वेळी बाळाला वडिलांनी खांद्यावर घेतले, तर आईला तेवढी झोप मिळते.

पाणी, हात आणि फवारणी

अन्न ताजे शिजवावे, दोन तासांत संपवावे आणि वाटी-चमच्यानेच भरवावे. दुधाची बाटली वापरू नये. वेचणीला जाताना आईने स्वच्छ हातांनी काढलेले दूध झाकणाच्या धुतलेल्या भांड्यात, सावलीत ठेवल्यास चार तासांच्या आत पाजता येते. कडक उन्हाळ्यात त्याहूनही लवकर पाजावे.

२०१७ साली या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व मजूर दगावले. फवारणी केलेल्या माणसाने आंघोळ करून कपडे बदलल्याखेरीज बाळाला घेऊ नये. औषधाचे रिकामे डबे पाण्यासाठी वापरू नयेत. जिल्ह्याच्या काही गावांत विहिरी व हातपंपांच्या पाण्यात फ्लोराईड अधिक आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराईड जात नाही. अशा गावी तपासलेल्या स्रोताचेच पाणी बाळाच्या अन्नासाठी वापरावे. आईच्या दुधात फ्लोराईड फारच थोडे उतरते, हा अंगावर पाजण्याचा आणखी एक लाभ होय.

कार्यकर्त्यांनी काय करावे

सहा महिने पूर्ण होणाऱ्या बाळांची यादी दर महिन्याला करावी. घरी जाऊन एकदा अन्न शिजवून, भरवून दाखवावे. नुसते सांगून भागत नाही. अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार बाळाच्याच वाटीत जातो की घरभर वाटला जातो, हे पाहावे. आजी व वडील यांना चर्चेत बसवावे. आईला दोष देऊ नये. ती थकलेली असते आणि सर्वांचे ऐकून गोंधळलेली असते.

महिला मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात बाळाला सर्वांत प्रथम काय दिले जाते, आणि कोणत्या महिन्यात?
२. उष्टावणानंतर किती घरी रोज अन्न चालू राहते?
३. वेचणीच्या दिवसांत बाळाला दुपारी कोण भरवते? त्या व्यक्तीस हा पाठ कोणी सांगितला आहे काय?
४. रात्री बाळ एकदम आजारी पडल्यास दवाखान्यात नेण्याची सोय कोणती?